पुनःपुन्हां विद्यार्थी : गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा

दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली कीं आमच्या संगीताच्या खोलींत एक ठराविक दृश्य दिसतें. सुट्टींत कोणाच्या मामानें, कोणाच्या वडील बहिणीनें नवी गिटार आणून दिलेली असते. पहिले आठ दिवस ती खांद्यावरून खालीं उतरत नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत डाव्या हाताच्या बोटांचीं टोकें लाल होऊन दुखूं लागतात. तिसऱ्या आठवड्यांत असें दिसून येतें कीं, दाबलेली तार गोड वाजण्याऐवजीं नुसती खरखरत आहे, आणि शेजारच्या सोबत्यानें तर एक अख्खें गाणें बसविलें आहे. दिवाळीची सुट्टी येईपर्यंत निम्म्या गिटारी घरच्या खुंटीवर जाऊन बसतात. मग एखादे पालक आम्हांस भेटून काळजीनें विचारतात कीं, आमच्या मुलाला ह्या विद्येची उपजत देणगीच नाहीं काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आज उपदेश करून देणार नाहीं. एका थोर वादकाचें चरित्र सांगून देणार आहों. फ्रान्सिस्को तारेगा हें त्यांचें नांव. ज्या वाद्यास त्यांच्या काळीं पुष्कळ लोक खाणावळींतील व रस्त्यावरील करमणुकीचें साधन समजत, त्या गिटारीस गंभीर संगीताच्या दिवाणखान्यांत मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत त्यांची गणना होते. परंतु आम्हांस त्यांच्या आयुष्यांतील जी गोष्ट सर्वांत बोधप्रद वाटते ती त्यांची कीर्ति नव्हे. ती ही कीं, हा मनुष्य एकदां नव्हे, तर चार वेळां नवशिका झाला.

तारेगा यांचा जन्म स्पेन देशाच्या पूर्व किनाऱ्याजवळील व्हिलारेआल ह्या गांवीं ता. २१ नोव्हेंबर १८५२ रोजीं झाला. कुटुंब गरीब होतें. वडील किंतीन हे स्वतः हौसेनें गिटार वाजवीत. मूल लहान असतांना त्यास सांभाळणाऱ्या दाईच्या हातून तें निसटलें व शेतांस पाणी देणाऱ्या पाटांत पडलें. जीव वांचला, पण डोळ्यांस कायमची इजा झाली. पुढें ह्या मुलाची दृष्टि अजीबात जाईल, अशी धास्ती वडिलांच्या मनांत बसली.

अशा वेळीं पुष्कळ आईबाप दैवास दोष देऊन स्वस्थ बसतात. किंतीन यांनीं तसें केलें नाहीं. मुलगा आंधळा झालाच तर त्याला भीक मागावी लागूं नये, हातांत पोटापुरती एखादी कला असावी, एवढाच साधा विचार त्यांनीं केला व बिऱ्हाड कास्तेल्योन ह्या जवळच्या शहरांत हलविलें. संगीताचें शिक्षण तेथें मिळण्यासारखें होतें. तेथें फ्रान्सिस्कोला जे पहिले दोन गुरु लाभले, ते एउजेनी रुईस व मान्वेल गोन्सालेस, हे दोघेही आंधळे होते.

विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. ज्या गुरूला दिसत नाहीं, त्याच्यापुढें नुसतें बोट योग्य जागीं ठेवून दाखविण्याचा कांहीं उपयोग नाहीं. त्याला जें पटवावयाचें तें कानानेंच पटवावें लागतें. तार नीट वाजली काय, शेजारच्या तारेस चुकून बोट लागून ती मुकी तर झाली नाहीं, दोन स्वरांमधील अंतर सारखें राहिलें काय, ह्या सर्व गोष्टींचा न्याय कानाच्या कचेरींत होतो. आमचे आजचे नवशिके बहुधा डोळ्यांनीं शिकतात. पडद्यांकडे टक लावून ते मान वांकवितात, आणि हात कोठें आहे हें पाहण्याच्या नादांत आवाज कसा येत आहे हें ऐकावयाचें विसरतात. दिवसांतून पांच मिनिटें डोळे मिटून वाजविण्याचा नेम आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें करून पाहावा. ही तारेगाची पहिली सुरुवात होय.

१८६२ सालीं हुलियान आर्कास नांवाचे नामांकित गिटारवादक कास्तेल्योन येथें जलशासाठीं आले. त्यांच्या कानावर ह्या मुलाचें वादन पडलें, व त्यास शिक्षणासाठीं बार्सेलोनास पाठवावें असा सल्ला त्यांनीं वडिलांस दिला. वडिलांनीं एका अटीवर होकार दिला. मुलानें गिटारीबरोबर पियानोही शिकावा, अशी ती अट होती. त्या काळीं पियानोवाल्यास अन्न मिळे. गिटारवाल्यास मिळेलच अशी खात्री नव्हती. बापाचा हा व्यवहार मुलास कदाचित् रुचला नसेल, पण त्याचें फळ पुढें कसें आलें तें आपण पाहणारच आहों.

बार्सेलोनास गेल्यावर थोड्याच दिवसांत आर्कास परदेशीं दौऱ्यावर निघून गेले, आणि दहा वर्षांच्या फ्रान्सिस्कोस वाटलें कीं, आपण आतां शिकलों! तो पळाला, आणि कॉफीगृहांतून व खाणावळींतून वाजवून पैसे मिळवूं लागला. वडिलांनीं त्यास शोधून परत आणलें. १८६५ सालीं तो पुन्हां पळाला. ह्या खेपेस व्हॅलेन्सिया शहरांत जिप्सी लोकांच्या एका टोळींत जाऊन मिळाला. वडिलांनीं पुन्हां आणलें. तो तिसऱ्यांदा पळाला. थोरांच्या चरित्रांतील असे प्रसंग झांकून ठेवण्याची चाल आहे. आम्हांस ती पसंत नाहीं. अर्धवट विद्या हातीं येतांच ती बाजारांत नेण्याची घाई ह्या मुलासही झाली होती, हें विद्यार्थ्यांनीं जाणावें. आणि पालकांनीं हें जाणावें कीं, त्या गरीब बापानें पुनःपुन्हां पदरमोड करून मुलाचें शिक्षण चालू ठेविलें. अखेर मुलगा ताळ्यावर आला. मिळेल तेथें वाजवून घरास हातभार लावूं लागला.

आतां दुसरी सुरुवात. कानेसा नांवाच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या आश्रयानें तारेगा १८७४ सालीं माद्रिद येथील संगीतविद्यालयांत दाखल झाले. बरोबर त्यांनीं सेव्हिल येथील कारागीर आन्तोनियो दे तोर्रेस यांनीं बनविलेली एक गिटार आणली होती. ह्या तोर्रेस यांच्याविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण आज आपण जिला साधी, म्हणजे विजेवांचून वाजणारी, गिटार म्हणतों, तिचें रूप मुख्यत्वें त्यांच्या हातून ठरलें. त्यांनीं गिटारीची पेटी पूर्वींपेक्षां मोठी केली, वरची लांकडी तबली पातळ ठेविली, आणि तिला आंतून पंख्याच्या काड्यांप्रमाणें पसरलेल्या सात बारीक पट्ट्यांचा आधार दिला. तार छेडली म्हणजे तिचा कंप घोडीच्या मार्गें तबलीस पोहोंचतो, आणि तबली हवेस हालविते. तेंच आपण ऐकतों. गिटारीचा आवाज तबलींत आहे, हें सिद्ध करण्यासाठीं तोर्रेस यांनीं १८६२ सालीं एका गिटारीच्या बाजू व पाठ चक्क पुठ्ठ्याच्या लगद्याची केली व तबली मात्र उत्तम लांकडाची घातली. ती गिटार बार्सेलोना येथील संगीतवस्तुसंग्रहालयांत जतन करून ठेविली आहे. वाद्य विकत घेतांना पाठीवरील चकाकी व नक्षी पाहून भुलणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

अशी गिटार हातीं आल्यावर तारेगांस दिसून आलें कीं, ह्या वाद्यांत आपण समजत होतों त्यापेक्षां पुष्कळ अधिक सांठा आहे. विद्यालयांत रचनाशास्त्र शिकविणारे एमिल्यो आर्रिएता यांनींही त्यांस पियानोचा नाद सोडून गिटारीसच आयुष्य वाहण्यास सुचविलें. म्हणजे कॉफीगृहांत टाळ्या मिळविलेला हा तरुण वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीं पुन्हां बांकावर जाऊन बसला, आणि संगीताची मूळाक्षरें शास्त्रोक्त रीतीनें गिरवूं लागला. वडिलांनीं लादलेला पियानो येथें कामीं आला. बेथोव्हन, शोपँ, मेंडेल्सन यांच्या रचना त्यांनीं पुढें सहा तारांवर उतरविल्या. दोन हातांच्या दहा बोटांसाठीं लिहिलेलें संगीत सहा तारांवर आणावयाचें, म्हणजे कोणता स्वर ठेवावा व कोणता सोडावा ह्याचा विवेक लागतो. तो पियानो जाणल्यावांचून आला नसता.

पुढें ते जलसे करूं लागले व शिकवूंही लागले. १८८० सालच्या हिवाळ्यांत नोव्हेल्दा गांवीं एका मित्राच्या बदली त्यांनीं जलसा केला. तो संपल्यावर गांवांतील एका प्रतिष्ठित गृहस्थानें विनंति केली कीं, आपली कन्या गिटार शिकत आहे, तिचें वादन ऐकावें. त्या शिकाऊ मुलीचें वादन त्यांनीं ऐकलें. तिचें नांव मारिया होसे रिसो. १८८२ सालच्या नाताळांत तिच्याशींच त्यांचा विवाह झाला. मध्यंतरीं १८८१ सालीं फ्रान्समधील ल्याँ व पॅरिस येथें त्यांचें वादन झालें. लंडनलाही ते गेले, पण तेथील हवा व भाषा दोन्ही त्यांस मानवलीं नाहींत. लग्नानंतर माद्रिद येथें बिऱ्हाड केलें असतां हिवाळ्यांत त्यांची तान्ही मुलगी वारली. हा घाव उराशीं घेऊन पतिपत्नी १८८५ सालीं बार्सेलोनास कायमचीं राहावयास गेलीं.

बार्सेलोना येथील घरांत त्यांनीं जें शिकविलें, त्याचा लाभ आज गिटार हातीं धरणाऱ्या प्रत्येक नवशिक्यास नकळत होत आहे. म्हणून त्यांतील कांहीं गोष्टी येथें सांगतों.

पहिली गोष्ट बैठकीची. खुर्चीच्या पुढच्या अंगास ताठ बसावें, डाव्या पायाखालीं लहानसा चौरंग घ्यावा, व गिटार डाव्या मांडीवर ठेवून तिची दांडी किंचित् वर उचललेली असावी. ही बैठक तारेगा व त्यांचे शिष्य यांच्यामुळें सर्वत्र रूढ झाली. तिचा हेतु शोभा हा नव्हे. वाद्य आपल्या जागीं स्थिर राहिलें म्हणजे डाव्या हातास तें सांवरण्याचें काम उरत नाहीं, व बोटें मोकळीं होतात.

दुसरी गोष्ट उजव्या हाताची. जाड अशा तीन तारा आंगठ्याकडे, आणि बारीक तीन तारा तर्जनी, मधलें बोट व अनामिका यांच्याकडे, अशी वांटणी प्रथम करावी. तार छेडल्यावर बोट हवेंत उडूं न देतां शेजारच्या तारेवर विसावूं द्यावें, ही रीत तारेगा यांच्या परंपरेनें पुढें आणली. तिनें स्वर भरदार निघतो. एकाच बोटानें दोनदां न वाजवितां तर्जनी व मधलें बोट पायांप्रमाणें आळीपाळीनें चालवावें.

तिसरी गोष्ट डाव्या हाताची. बोट पडद्याच्या अगदीं मागें, पण पडद्यावर नव्हे, असें टेंकावें. येथें थोडा दाब पुरतो. दोन पडद्यांच्या मधोमध बोट ठेवलें तर दुप्पट जोर करावा लागतो, आणि तार तरीही खरखरते. आमच्या अनुभवास असें आलें आहे कीं, नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी ह्या एका चुकींतून उत्पन्न होतात. बोटांच्या टोकांची कातडी कांहीं आठवड्यांत घट्ट होते व दुखणें आपोआप थांबतें. तारेगांच्या वेळीं बारीक तारा आतड्याच्या तांतीच्या असत. आज नायलॉनच्या मिळतात. पोलादी तारांपेक्षां त्या कोंवळ्या बोटांस सोसवतात.

चौथी गोष्ट संयमाची. तारेगा यांनीं मोठ्या रचनांबरोबर कितीतरी चिमुकल्या रचना केल्या. त्यांतील ‘लाग्रिमा’, म्हणजे अश्रु, ही तर जेमतेम एका पानाची आहे. जगभर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ती वाजवितात, आणि मुरलेले वादकही तिला जलशांत स्थान देतात. लहान वस्तु निर्दोष करावी, मग मोठीस हात घालावा, हा त्यांतील धडा. आल्हांब्रा ह्या ग्रानादा येथील प्राचीन राजवाड्याच्या आठवणीवर त्यांनीं जी प्रख्यात रचना केली, ती ऐकतांना दोन माणसें वाजवीत आहेत असा भास होतो. पण तिचें रहस्य काय? आंगठा एक खालचा स्वर वाजवितो, आणि मग अनामिका, मधलें बोट व तर्जनी हीं एकाच तारेवर एकामागून एक पडतात. चार ठोक्यांचा हा क्रम प्रथम अत्यंत सावकाश, घड्याळाच्या टिकटिकीसारखा सारखा, बसवावा लागतो. वेग हा मागाहून पाहुण्यासारखा येतो. त्यास ओढून आणतां येत नाहीं.

आतां तिसरी सुरुवात. १९०२ च्या सुमारास, वयाच्या पन्नाशींत, कीर्ति सर्वत्र पसरलेली असतांना, तारेगा यांनीं उजव्या हाताचीं नखें कापून टाकलीं. नखानें छेडलेला स्वर तेजस्वी व मोठा येतो. बोटाच्या मांसल टोकानें छेडलेला स्वर मृदु व गोल, पण लहान येतो. त्यांना तो दुसरा स्वर हवा होता. विद्यार्थ्यांस हें अगदींच क्षुल्लक वाटेल. पण वर्षानुवर्षें ज्या कोनांतून, ज्या अंतरावरून बोट तारेवर पडत आलें, तें सर्व नख जातांच बदलतें. ज्याच्या बोटांस आपोआप सर्व कांहीं येत होतें, त्यानें पुन्हां प्रत्येक स्वर शोधीत बसावयाचें. नख कीं मांस हा वाद वादकांत आजही चालू आहे, आणि पुढील काळांतील बहुतेक थोर वादकांनीं नखाचाच पक्ष घेतला. त्यांत कोणाचें खरें, हा प्रश्न आम्ही येथें बाजूस ठेवितों. पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभें राहून आपल्या हातास पुन्हां शाळेंत घालण्याची तयारी किती जणांची असते, एवढेंच आम्ही विचारतों. दुसऱ्याच वर्षीं इटलींत रोम, नेपल्स व मिलान येथें त्यांचे जलसे मोठ्या यशानें पार पडले.

चौथी सुरुवात सर्वांत कठीण होती. १९०६ च्या जानेवारींत त्यांच्या उजव्या अंगावरून वारें गेलें. ज्या हातानें तारा बोलत, तोच हात लुळा पडला. पाटाच्या पाण्यानें दृष्टि मंद केली होती. आतां आजारानें हात नेला. येथें चरित्र संपलें असतें तरी कोणी दोष दिला नसता. पण ते पुन्हां वाद्य घेऊन बसले, आणि हळूहळू जलशांतही वाजवूं लागले. पूर्वींचें सामर्थ्य पूर्णपणें कधींच परत आलें नाहीं, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. प्रयत्नानें सर्व कांहीं परत मिळतें असें खोटें आश्वासन आम्ही मुलांस देऊं इच्छीत नाहीं. मात्र जेवढें उरलें तेवढ्यानें त्यांनीं अखेरपर्यंत काम केलें. ता. २ डिसेंबर १९०९ रोजीं त्यांनीं आपली शेवटची कृति पुरी केली. तिचें लॅटिन नांव ‘ओरेमुस’, म्हणजे आपण प्रार्थना करूं या. त्यानंतर तेराव्या दिवशीं, ता. १५ डिसेंबर रोजीं, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं, बार्सेलोना येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्यामागें त्यांची विद्या शिष्यांच्या हातीं राहिली. मिगेल ल्योबेत यांनीं ती देशोदेशीं ऐकविली. एमिल्यो पुजोल यांनीं गुरूची पद्धति ग्रंथरूपानें मांडली. त्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. आणि एक गंमत सांगतों. तारेगा यांच्या १९०२ सालच्या एका वॉल्ट्झमधील कांहीं स्वर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नोकिया ह्या मोबाईल फोनांची घंटा म्हणून निवडले गेले, व ते खेड्यापाड्यांतही वाजले. आमच्या वाचकांपैकीं कित्येक आईबापांनीं तारेगांचें नांव ऐकण्यापूर्वींच त्यांची रचना शेंकडों वेळां ऐकलेली आहे!

लेख संपवितांना एक कबुली देणें आमचें कर्तव्य आहे. आम्हीं स्वतः विद्यार्थिदशेंत एका मित्राची गिटार मागून आणली होती. सहा आठवडे बोटें सोललीं, एकही गाणें नीट बसेना, आणि आपल्यांत ती देणगी नाहीं असें म्हणून आम्हीं ती परत केली. पुढें वीस वर्षें वर्गांत मुलांस चिकाटीवर निबंध घालतांना ती परत केलेली गिटार आमच्या मनांत कोठें तरी कुरकुरत असे. गतवर्षीं, चाळिशी उलटल्यावर, आम्हीं पुन्हां एक गिटार घेतली. आमच्याहून तीस वर्षांनीं लहान असलेलीं मुलें आमच्या पुढें आहेत. संगीताच्या खोलींत आम्ही त्यांच्या मागील बांकावर बसतों. ‘लाग्रिमा’चे पहिले दोन चरण बसले आहेत, तिसऱ्यास अजून तार खरखरते.

तेव्हां ज्या पालकांनीं आम्हांस देणगीविषयीं विचारलें, त्यांस आमचें उत्तर असें. देणगी आहे कीं नाहीं हें सहा आठवड्यांत कोणास कळत नाहीं. आम्हांस वीस वर्षांत कळलें नाहीं. किंतीन तारेगा यांनीं मुलास देणगी आहे काय असें विचारलें नाहीं. त्यांनीं त्याला गुरु शोधून दिला, आणि पळाला तेव्हां परत आणून पुन्हां बसविलें. आपणही खुंटीवरील गिटार खालीं काढून द्यावी, तारा सुरांत लावून घ्याव्या, आणि रोज पंधरा मिनिटें मुलाजवळ बसून ती खरखर ऐकावी. रविवारच्या दोन तासांपेक्षां रोजचीं पंधरा मिनिटें अधिक फळतात.

आणि विद्यार्थ्यांनो, सुरुवात करणें ही लाज नव्हे. ज्यास पुन्हां सुरुवात करतां येते, त्याचें शिक्षण संपलेलें नसतें.